पट्टा एकाच्या हाती, खराटा दुसऱ्याच्या

कुत्र्याच्या विष्ठेचा प्रश्न शहराच्या प्रश्नांमध्ये सर्वांत क्षुल्लक समजला जातो. खड्डे, पाणी, वाहतूक आणि तुंबणारी गटारे यांच्या रांगेत त्याला उभे राहायला जागा मिळत नाही, आणि वाचकांच्या पत्रव्यवहारापलीकडे त्याची गंभीर चर्चाही सहसा होत नाही. तरीही पदपथावर, उद्यानाच्या पायवाटेवर किंवा गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी पडलेल्या त्या एवढ्याशा घाणीत तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात : सार्वजनिक आरोग्याचा, मालकीबरोबर येणाऱ्या दायित्वाचा, आणि घाण कोणी उचलायची याविषयी समाजाने फार पूर्वी करून ठेवलेल्या वाटणीचा. पहिल्या दोहोंबद्दल कायद्यांत आणि संशोधनात पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असल्यामुळेच की काय, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

शास्त्रचर्चेत वादाची एक जुनी रीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, त्यालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आधी पूर्ण मांडायचे, हा पूर्वपक्ष. आणि मग त्याला द्यायचे ते उत्तर, हा उत्तरपक्ष. पुढील संवाद त्या रीतीला धरून रचला आहे, मात्र त्यात पक्ष वारंवार जागा बदलतात. संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. उमेदीची वर्षे हजेरी-चौकीवर सफाई कामगारांची हजेरी घेण्यात घालवून महापालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेले एक स्वच्छता निरीक्षक हे पहिले, आणि घरी कुत्रा पाळलेल्या, प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका या दुसऱ्या. जागा दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा समजावी, कारण मुंबईत वाद घालायला आणि कुत्रा फिरवायला लोक बहुधा एकाच ठिकाणी येतात.

निरीक्षक : या प्रश्नात विचार करण्यासारखे फारसे काही नाही, बाई. बृहन्मुंबईचे स्वच्छतेविषयीचे उपविधी २००६ साली झाले. उपविधी म्हणजे मूळ अधिनियमाने दिलेल्या अधिकारात महापालिकेने स्वतः केलेले नियम. रस्त्यावर थुंकण्याला आणि कचरा टाकण्याला त्यांत जसा दंड आहे, तसाच पाळीव प्राण्याने केलेली घाण तशीच टाकून जाण्यालाही ५०० रुपयांचा दंड आहे. नियम आहे, रक्कम ठरलेली आहे, फक्त वसुली नाही. ती झाली की प्रश्न संपला.

प्राध्यापिका : थुंकणाऱ्याला धरले की अपराधी हाती लागतो, साहेब, कारण तोंड आणि थुंकी एकाच माणसाची असते. इथे घाण करणारा कुत्रा, त्याला फिरवणारा एक माणूस आणि त्याचा मालक दुसराच. त्यातून पहाटे या पदपथावर जे पडलेले असते, त्यातले पाळीव कुत्र्याचे कोणते आणि भटक्याचे कोणते, हे कोणता निरीक्षक छातीवर हात ठेवून सांगेल?

प्राध्यापिकाबाईंचा हा दुसरा आक्षेप पाळीव कुत्र्यांचे बहुतेक मालक पहिला म्हणून मांडतात, आणि तो अगदीच निराधार नाही. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये केलेल्या नियमांत पाळीव प्राणी आणि रस्त्यावरचे प्राणी असे दोन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाची जबाबदारी मालकावर, तर दुसऱ्याचे निर्बीजीकरण, म्हणजे शस्त्रक्रियेने प्रजोत्पादन थांबवणे, आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. पदपथाला मात्र हे वर्गीकरण समजत नाही. मुंबईत तर भटक्या कुत्र्यांच्या बाजूने लोकमत किती तीव्र होऊ शकते याचा दाखला फार जुना आहे : जून १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने बाजार बंद पडले आणि दंगल उसळली. शहरातून कुत्रीच नाहीशी करून विष्ठेचा प्रश्न सोडवण्याचा मार्ग या शहराला नवा नाही, आणि तो तेव्हाही मानवला नव्हता.

निरीक्षक : शेजारच्याचा नळ गळतो म्हणून कोणी आपला नळ उघडा ठेवत नाही. भटक्या कुत्र्याला मालक नाही, म्हणून त्याची घाण नगराने उचलावी हे मान्य. पण त्याच्या आडोशाला मालक असलेल्या कुत्र्याने का बसावे? आणि भटक्यांचेही म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात त्यांना खाऊ घालण्यासाठी जागा नेमून द्यायला सांगितले आहे. जागा नेमली की खाऊ घालणाऱ्यांची तोंडे कळतील, आणि मग खरकट्याबरोबर आसपासची घाणही उचला, असे त्यांना सांगता येईल.

प्राध्यापिका : सांगता येईल खरे. पण सांगण्यापूर्वी ही घाण नेमकी कशासाठी उचलायची हे एकदा ठरायला हवे. बुटाला लागते म्हणून, वास येतो म्हणून, की आजार होतो म्हणून? कारण या तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

येथे संवाद प्राध्यापिकाबाईंच्या विषयात शिरतो आणि बराच वेळ तिथेच राहतो. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. कुत्र्याच्या आतड्यात टॉक्सोकॅरा कॅनिस नावाचा एक गोल जंत राहतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात, पण बाहेर पडल्या क्षणी ती कोणाला बाधत नाहीत. ऊब आणि ओल असलेल्या मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेल्यानंतर त्यांत अळी तयार होते, तेव्हा कुठे ती संसर्ग करण्याजोगी होतात. त्यानंतर मात्र ती महिनोन्महिने, अनुकूल जागी वर्षानुवर्षेही, मातीत तग धरून राहतात. मातीत खेळलेल्या मुलाने हात न धुता तोंडात घातला की ती पोटात जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत, तर क्वचित डोळ्यात पोचतात. डोळ्यात पोचल्या तर दृष्टी जाण्याची भीती असते. दुसरा जंत म्हणजे अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओल्या वाळूतून किंवा मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, खाजणारी रेघ उमटवत सरकतात. समुद्रकिनाऱ्यावर कुत्री फिरतात तिथे हा विकार विशेष आढळतो.

प्राध्यापिका : याचा अर्थ लक्षात घ्या, साहेब. लोक ताज्या विष्ठेला नाक मुरडतात, आणि जंतांचा विचार केला तर तीच त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते. पावसाने धुपलेली, उन्हाने वाळून मातीत मिसळलेली, कोणालाही न दिसणारी विष्ठा धोक्याची. तक्रार पहिलीची होते, आजार दुसरीने होतो.

निरीक्षक : मग तर तिथल्या तिथे उचलण्याचा आग्रह अधिकच खरा ठरला! महिनाभरानंतर जी अंडी घातक होणार, ती पहिल्याच दिवशी गेली.

प्राध्यापिका : ठरला, पण अर्धाच. ज्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंतनाशक दिले जाते, त्याच्या विष्ठेत मुळात अंडीच नसतात किंवा अगदी कमी असतात. पिल्लाला हा जंत आईच्या गर्भातूनच मिळतो, पुढे दुधातूनही मिळतो, म्हणून जंतनाशकाची सुरुवात ते दोन आठवड्यांचे असतानाच करावी लागते. पाचशेच्या दंडाने ही गोष्ट साधत नाही. पशुवैद्याच्या दवाखान्यात साधते. रेबीजची लस टोचून घेणारे मालक जंताच्या गोळीचा कंटाळा करतात, आणि महापालिका त्याबद्दल विचारतही नाही.

निरीक्षकांना हा मुद्दा मान्य करावा लागतो. मात्र एक लोकप्रिय समज त्यांना खोडून हवा असतो, आणि त्यासाठी ते प्रतिपक्षाचीच मदत घेतात.

निरीक्षक : पुष्कळ मालक सांगतात की झाडाच्या बुंध्याशी केली तर ते खतच झाले. शेणाने अंगण सारवणाऱ्या समाजाला हे पटतेही. यावर प्राणिशास्त्र काय म्हणते?

प्राध्यापिका : शेणाशी तुलना चुकीची आहे. गाय गवत खाते, तिच्या शेणात अर्धवट पचलेला चोथा असतो, म्हणून ते वाळते, जळते, सारवायला येते. कुत्र्याच्या अन्नात मांस आणि प्रथिने अधिक, त्यामुळे विष्ठेत नत्र आणि स्फुरद यांचा भार मोठा, आणि जोडीला माणसाला बाधणारे जंतू. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरालगतच्या राखीव निसर्गक्षेत्रांत कुत्री मोजून २०२२ मध्ये जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यानुसार फिरायला आणलेल्या कुत्र्यांमुळे वर्षाला दर हेक्टरी सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत पडत होते. एवढे खत शेतकऱ्याला चालेल, पण निसर्गक्षेत्राला चालत नाही, कारण त्याने मोजकी हावरी झाडे माजतात आणि नाजूक वनस्पती मागे पडतात. त्याच अभ्यासात असे दिसले की प्रत्येकाने विष्ठा उचलली तर स्फुरद ९७ टक्के कमी होईल, पण नत्र ५६ टक्केच, कारण उरलेले मूत्रातून येते आणि मूत्र कोणाला उचलता येत नाही.

कुत्र्याच्या विष्ठेला कधीच किंमत नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये ती विकली जात असे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या श्रमिकांचे जे वर्णन त्या शतकाच्या मध्यास लिहिले, त्यात रस्तोरस्ती ही विष्ठा वेचून बर्मंडसीच्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना बादलीच्या हिशेबाने विकणाऱ्या माणसांचा एक वेगळा वर्गच नोंदवलेला आहे. धंद्याच्या भाषेत त्या मालाला ‘शुद्ध’ या अर्थाचा ‘प्युअर’ हा शब्द होता, कारण त्याने कातडे साफ आणि मऊ होई. १९०७ च्या सुमारास ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातील पाचक द्रव्य वापरून तेच काम करण्याची युक्ती शोधली, आणि तो व्यापार बसला. या इतिहासातून घाणीलाही बाजार असतो असा निष्कर्ष सहज काढता येईल, पण तो वरवरचा आहे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की किंमत असतानाही ती विष्ठा वेचणारे हात शहरातल्या सर्वांत गरीब माणसांचेच होते, आणि कुत्र्यांच्या मालकांपैकी कोणी बादली घेऊन बाहेर पडल्याची नोंद मेह्यूनेही केलेली नाही.

मालकाने स्वतः वाकावे ही कल्पना कायद्यात रुजली ती अलीकडे, आणि तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे. निरीक्षकांचा सर्व युक्तिवाद त्यावर उभा आहे.

निरीक्षक : न्यूयॉर्क राज्याने मोठ्या शहरांसाठी हा कायदा १९७७ मध्ये केला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून तो लागू झाला. एड कॉच तेव्हा महापौर होते. दंड १०० डॉलरपर्यंत. विरोध कोणी केला? कुत्री पाळणाऱ्यांनीच. म्हातारी माणसे वाकणार कशी, लोक कंटाळून कुत्री रस्त्यावर सोडून देतील, मालकाचा अपमान होईल, सगळे आक्षेप आजच्यासारखेच होते. पुढे काय झाले? म्हातारी माणसे वाकली, कुत्री सोडली गेली नाहीत, आणि ती पद्धत इतकी रुळली की जगभरच्या शहरांनी तिची नक्कल केली.

प्राध्यापिका : नक्कल केली, पण दंडाची. मुळात तिथे दंडाची पावती फाडण्याचे प्रसंग फार थोडे आले. काम केले ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांनी. न उचलता पुढे निघालेल्या माणसाला अनोळखी माणूस हटकू लागला, आणि हटकलेला माणूस शरमू लागला. इथे कोणी कोणाला हटकले तर काय ऐकावे लागते, ते साहेबांना सांगायला नको.

निरीक्षक : “तुमच्या बापाचा रस्ता आहे का?”

प्राध्यापिका : तेच. म्हणून पॅरिसचा मार्ग अधिक सभ्य वाटतो. लोक कर भरतात, त्या करातून रस्ता झाडला जातो, मग विष्ठाही त्यातच आली. यंत्र आणावे, माणसाला वाकवू नये.

निरीक्षक : पॅरिसचा मार्ग पॅरिसनेच सोडून दिला, बाई. जाक शिराक तिथे महापौर असताना १९८२ मध्ये विष्ठा ओढून घेणारी यंत्रे बसवलेल्या मोटारसायकली रस्त्यांवर आल्या. लोकांनी त्यांना ‘मोटोक्रॉट’ असे टोपणनाव दिले. हिरवा गणवेश घातलेला चालक, हातात नळी, मागे टाकी, सगळे देखणे. पण खर्च अफाट, आणि यंत्र एका गल्लीत असताना कुत्री दुसऱ्या गल्लीत. त्याहून वाईट म्हणजे, उचलायला गाडी येणारच आहे म्हटल्यावर मालकाला वाकण्याचे कारणच उरले नाही. २००४ पर्यंत त्या गाड्या बंद झाल्या आणि शहर दंडावर आले.

हा प्रतिटोला योग्य आहे, आणि पॅरिसच्या यंत्रांनी जे सिद्ध केले ते मुंबईला यंत्राविनाच ठाऊक आहे. मुंबईत मोटोक्रॉट कधी आली नाही, कारण तिची गरज नव्हती. तिचे काम करणारा माणूस इथे आधीपासून रस्त्यावर होता, आणि तो यंत्राहून कितीतरी स्वस्त पडत होता. निरीक्षकांनी तीस वर्षे ज्याची हजेरी घेतली तो हाच माणूस, आणि संवादाचा सूर इथून बदलतो.

निरीक्षक : बाईंचा कुत्रा जिथे बसतो, ती बीट कोणाची आहे हे बाईंना ठाऊक आहे का? बीट म्हणजे एका कामगाराला झाडायला नेमून दिलेला रस्त्याचा तुकडा. सकाळी साडेसहाला तो तिथे असतो. सुका कचरा खराट्याने निघतो, पण ही घाण निघत नाही. खराटा मारला की ती पसरते आणि मग खराट्यालाच लागते, आणि तोच खराटा पुढे दिवसभर वापरायचा असतो. म्हणून तो आधी तिच्यावर माती टाकतो, मग पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरून ती उचलतो. हातमोजे मिळाले तर घालतो, पण मोज्यांनी खराटा नीट धरता येत नाही म्हणून काढूनही ठेवतो. हजेरीच्या वहीत या कामाचा वेगळा रकाना कधी नव्हता.

प्राध्यापिका : त्याचे नाव ठाऊक नाही, साहेब. दिवाळीला पोस्त मागायला येतो, तेव्हा चेहरा दिसतो.

भारतीय कायद्यातील एक विसंगती या ठिकाणी नोंदवली पाहिजे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय अधिनियम हा अस्पृश्यतेच्या सर्वांत निर्घृण रूपावर उशिरा का होईना घातलेला घाव आहे. परंतु त्यातील व्याख्येनुसार मैला म्हणजे माणसाचा मैला. कुत्र्याची विष्ठा त्या व्याख्येत येत नाही, ती रस्त्यावरचा कचरा ठरते, आणि रस्त्यावरचा कचरा उचलणे हे सफाई कामगाराचे नेमून दिलेले काम असते. मुंबईच्या सफाई कामगारांत दलित जातींतील माणसांचे प्रमाण किती प्रचंड आहे हे सर्वश्रुत आहे. तेव्हा पदपथावर कुत्र्याला बसवून निघून जाणारा मालक हे काम पालिकेवर सोडतो आहे असे वरकरणी दिसत असले, तरी प्रत्यक्षात तो ते एका जातीवर सोडत असतो, आणि आपण तसे करतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही. कारण ही वाटणी त्याने केलेली नाही, त्याला ती केलेली मिळाली आहे. कुत्रा महाराष्ट्राला अपवित्र आहे असेही नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. खंडोबाचे वाघ्ये त्याचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. विटाळ प्राण्याचा नाही, त्याच्या मागे वाकण्याचा आहे.

या वाकण्याचा अर्थ महाराष्ट्रात ज्यांनी नेमका ओळखला होता, त्यांत अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. कोकणातले हे गांधीवादी कार्यकर्ते १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. ते काम ठराविक जातीच्या कैद्यांचे, या कारणाने ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग आरंभला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. घाण साफ करण्याचा हक्क मागण्यासाठी उपोषण करावे लागणे ही घटना जगाच्या इतिहासात विरळाच असेल. गाडगेबाबांचा खराटा अधिक प्रसिद्ध आहे, त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छतेची स्पर्धाही सुरू झाली. पण पूजेत ठेवलेला खराटा झाडायला घेणे अवघड जाते, आणि अप्पासाहेबांची तर मूर्तीही फारशी कुठे बसलेली नाही.

प्राध्यापिका : हे सगळे मान्य केले, तरी साहेबांचा दंड नेमका कोणावर पडतो ते पाहा. समोर जो मुलगा तीन कुत्री घेऊन चालला आहे, त्यातले एकही त्याचे नाही. तो महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर कुत्री फिरवतो. कुणाकडे चौकीदार फिरवतो, कुणाकडे स्वयंपाकीण. मार्शल येणार, पावती फाडणार, आणि पाचशे रुपये जाणार ते या मुलाच्या खिशातून. मालकाला दहाव्या मजल्यावर कळणारही नाही. न्यूयॉर्कच्या कायद्याने पट्टा धरणारा हात आणि मालकाचा हात एकच आहे असे धरले, आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरे होते. इथे पट्टा एका गरिबाच्या हाती आणि खराटा दुसऱ्याच्या. कायदा आणला तर तो त्या दोघांचेच भांडण लावून देईल.

संवादातील सर्वांत वजनदार विधान हेच आहे. क्लीन-अप मार्शल, म्हणजे पालिकेने खाजगी संस्थांमार्फत नेमलेले दंड वसूल करणारे कर्मचारी, मुंबईत अनेकदा आले आणि गेले. त्यांच्याविषयीच्या तक्रारींचा इतिहास इथे मांडण्याचे कारण नाही. पण रस्त्यावर पकडून दंड करण्याची पद्धत कितीही प्रामाणिकपणे राबवली, तरी ती रस्त्यावर असलेल्यालाच पकडू शकते, आणि मालक बहुधा रस्त्यावर नसतो.

निरीक्षक : मग दंड हाताला न लावता बिल्ल्याला लावावा. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे, आणि कुत्र्यासाठी परवाना घेणे त्याखाली बंधनकारक आहे. परवान्यावर मालकाचे नाव, पत्ता, रेबीजच्या लशीचा दाखला. कुत्र्याच्या गळ्यात त्या परवान्याचा क्रमांक असावा, पट्टा कोणी का धरलेला असेना. नोंद क्रमांकावर व्हावी आणि पावती मालकाच्या घरी जावी. माद्रिदजवळच्या ब्रुनेते या गावात २०१३ मध्ये असेच केले होते. स्वयंसेवक कुत्रेवाल्याशी गोड बोलून कुत्र्याचे नाव काढून घेत, नोंदवहीतून पत्ता शोधत, आणि न उचललेली विष्ठा डब्यात बंद करून ‘हरवलेली वस्तू’ म्हणून मालकाच्या दारात पोचवत.

प्राध्यापिका : (हसून) त्या गावच्या टपालाची दया येते. पण त्या गंमतीतही नोंदवही आधी होती, हे विसरू नये. इस्राएलमध्ये पेताह तिकवा इथे २००८ मध्ये कुत्र्यांच्या लाळेवरून डीएनएची नोंद करून, रस्त्यावरच्या विष्ठेवरून मालक शोधण्याचा प्रयोग झाला. अलीकडे इटलीतल्या बोल्झानो प्रांताने तो पुन्हा आरंभला. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाची पेशींतली स्वाक्षरी; ती खोटी करता येत नाही, पण जुळवायला दुसरी स्वाक्षरी दप्तरात असावी लागते. इथे परवानाच कित्येकांनी घेतलेला नाही. शिवाय गृहसंस्थेच्या आवारात तर साहेबांचा बिल्लाही चालायचा नाही.

निरीक्षक : तो कसा?

प्राध्यापिका : भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना पाहा. विष्ठा उचलण्याची सक्ती करणारा केंद्राचा किंवा राज्याचा कायदा नसेल, तर गृहसंस्थेला स्वतःच्या अधिकारात सभासदावर ती सक्ती किंवा दंड लादता येत नाही, विनंती मात्र करता येते, असे त्यांत म्हटले आहे. कुत्रा पाळण्यालाच बंदी घालणाऱ्या संस्थांना आवर घालण्यासाठी त्या सूचना निघाल्या, आणि त्या बाबतीत त्या योग्यच आहेत. पण त्यातले हे एक वाक्य मालकांनी फार प्रेमाने पाठ करून ठेवले आहे.

निरीक्षक : आणि बाईंनी?

प्राध्यापिका : त्यांत ही बाईही आली. गेले सहा महिने तिने ते कोणाला म्हणून दाखवलेले नाही, इतकेच.

यानंतर चर्चा तपशिलावर येते, आणि तपशिलातच मतभेद टिकून राहतात. विष्ठा कशात उचलायची? परदेशी शहरांतील उत्तर प्लास्टिकची पिशवी हे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि ती नसती तरी आपोआप विरून जाणारी वस्तू शतकभर न विरणाऱ्या वस्तूत बांधून ठेवणे यात शहाणपण नाही. रद्दीच्या कागदाचा घरोघरी साठा असतो, आणि कुत्रा बसण्याच्या बेतात असताना त्याच्याखाली कागद सरकवणारे मालक जुन्या मुंबईकरांना नवे नाहीत. पुडी टाकायची कुठे, यावर मात्र दोघांचे पटत नाही. ओल्या कचऱ्यात टाकली तर तो कचरा खतासाठी जातो, आणि जंतांची अंडी मरतील इतकी उष्णता घरगुती किंवा संस्थेच्या खताच्या खड्ड्यात निर्माण होईलच असे नाही. सुक्या कचऱ्यात टाकली तर तो हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला ती लागते. निरीक्षकांचे मत, दर वळणावर वेगळी पेटी ठेवावी.

प्राध्यापिका : आणि ती पेटी रोज रिकामी कोण करणार? बीटवालाच ना? म्हणजे पदपथावरून उचलण्याऐवजी पेटीतून उचलणार. पुडी घरी न्यावी, कागद वेगळा करून आतले घरच्या संडासात टाकावे आणि पाणी सोडावे. तिथून ते सांडपाण्याबरोबर जाईल, पावसाच्या नाल्यातून थेट समुद्रात जाणार नाही.

निरीक्षक : दहाव्या मजल्यावरचा संडास धुतो कोण, बाई?

प्राध्यापिका : आठवड्यातून दोनदा एक बाई येते.

निरीक्षक : तिची नोंद कुठल्या वहीत?

प्राध्यापिका : कुठल्याच नाही. म्हणून परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा : ‘कुत्र्याला फिरवणाराचे नाव’. आणि त्याच्या शेजारी दुसरा : ‘विष्ठा उचलणाराचे नाव’. जंतनाशकाची तारीख त्याखाली.

निरीक्षक : दुसऱ्या रकान्यात मालकाचेच नाव आणि मालकाचीच सही, अशी अट घालायची. नाहीतर तिथे त्या मुलाचे नाव लिहून लोक मोकळे होतील.

प्राध्यापिका : अट घातली तर लोक खोटे लिहितील. त्या मुलाचे नाव लिहिले, तर निदान त्याला त्या कामाचे पैसे वेगळे मागता येतील.

या रकान्याविषयी दोघांचे एकमत झाले नाही.